अडखळत उडणारं विमान

सिल्वासाजवळच्या आमच्या खडोलीच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की आधी विश्वनाथ उपासनीला निरोप जायचा, आणि तो येईपर्यंत कोणी कशालाही हात लावायचा नाही असा अलिखित नियम होता. पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना. एकेका मशीनवर धाग्याला पीळ देणारे दोनशेच्या वर स्पिंडल गरगरत असायचे. विश्वनाथ मशीनच्या कडेनं सावकाश चालत जायचा, मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "हा. याचं बेअरिंग गेलंय." खोलून बघितलं तर गेलेलंच असायचं.

मी तिथेच क्वालिटीच्या लॅबमध्ये होतो. आम्ही दोघंही नाशिककडचे. सत्त्याऐंशी साली एकाच महिन्यात सिल्वासात आलो आणि जवळच्या सामरवरणीत एकाच बिल्डिंगमध्ये राहिलो, तो पहिल्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. त्याची बायको शैलजा सिल्वासात मराठी शाळेत शिकवायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळचा चहा बहुतेक वेळा त्यांच्याकडेच व्हायचा.

पंच्याण्णवमध्ये दिवेलागणीच्या सुमाराला कारखान्यातून येताना विश्वनाथनं रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोवर स्कूटर घातली. टेम्पो दिसलाच नाही म्हणाला. आम्ही हसलो. एवढा मोठा टेम्पो! पण त्याआधी कितीतरी दिवस तो दाराच्या चौकटींना खांदा आपटत होता आणि लॅबमध्ये आला की माझ्या स्टुलाला अडखळत होता. शैलजावहिनी त्याला मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा आजार निघाला. नजर कडेकडून आत आत मरत येते, शेवटी नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि मग कधीतरी तेही जातं. औषध नाही.

"किती वर्षं?" विश्वनाथनं विचारलं होतं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "स्कूटर आजपासून बंद. आणि जे बघायचं राहिलंय ते बघून घ्या."

वहिनींनी मनाशी बद्रीनाथ, कन्याकुमारी अशी यादी केली. एका दिवाळीत ते कन्याकुमारीला जाऊनही आले. पण विश्वनाथच्या मनात वेगळंच होतं. त्याचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात कँटीनमध्ये होते. पोरपणी तो कुंपणाच्या तारेला धरून तासन्‌तास विमानं बघत उभा राहायचा. अठराव्या वर्षी हवाई दलासाठी गेला, तर मेडिकलमध्ये काढून टाकला. कागदावर लिहिलं होतं, अंधारातली नजर कमी. त्याला वाटलं, आदल्या दिवशी प्रवासानं दमलो म्हणून झालं असेल. घरी कोणाला बोलला नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि विमानाचा विषय मिटला.

अठ्ठ्याण्णवमध्ये कंपनीनं आम्हाला मुंबईला मशिनरीच्या प्रदर्शनाला पाठवलं होतं. तिथे एका स्टॉलवर कॉम्प्युटरवर विमान चालवायचा गेम लावलेला होता. समोर दांडा. दांडा ओढला की विमान वर. विश्वनाथ पाऊण तास तिथून हलला नाही. खाली शेतं सरकत होती, पंख तिरका झाला की क्षितिज तिरकं होत होतं, आणि सगळं, तो नंतर म्हणाला तसं, पाण्यासारखं वाहत होतं. स्टॉलवाल्यानं शेवटी, "सर, औरों को भी देखना है," म्हटलं तेव्हा तो उठला. परतीच्या वाटेवर म्हणाला, "अशोक, मला हे घरी पाहिजे. अजून दिसतंय तोवर."

कॉम्प्युटर वापीच्या हसमुखभाईंनी जोडून दिला. हसमुखभाई पन्नाशीचे, आधी टीव्ही दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटरच्या धंद्यात आले. विश्वनाथनं त्यांना सांगितलं होतं, यात तडजोड नको, जे सर्वांत चांगलं मिळतं ते घाला. चारशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, चित्रासाठी वेगळं थ्रीडी कार्ड, सतरा इंची मॉनिटर, दांडा. सिल्वासात कोणाकडे असा कॉम्प्युटर नसेल असं हसमुखभाई स्वतःच सांगत फिरत होते.

विश्वनाथची नजर तोवर बरीच अरुंद झाली होती. पडद्याजवळ बसलं तर त्याला पडद्याचा मधलाच तुकडा दिसायचा. म्हणून त्यानं खुर्ची पार मागे, भिंतीला टेकवून ठेवली आणि दांड्याची वायर स्वतः जोडून लांब केली. तिथून अख्खा पडदा त्याच्या नजरेच्या गोलात मावायचा. त्या दिवशी वहिनींनी शिरा केला होता. मी आणि माझी बायको, सगळे मागे उभे. विमान धावपट्टीवर उभं होतं. विश्वनाथनं वेग वाढवला.

विमान निघालं, पण सरळ निघालं नाही. थबकत, उडी मारत, पुन्हा थबकत. दांडा ओढल्यावर नाक वर यायला इतका उशीर लागला की त्यानं आणखी ओढला, मग ते एकदम आभाळाकडे गेलं आणि पुढच्याच क्षणी जमिनीत घुसलं. त्यानं पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. चौथ्या वेळी त्यानं दांडा खाली ठेवला.

"हे तसं नाहीये," तो म्हणाला. "तिकडे वाहत होतं. हे अडखळतंय."

खरं सांगायचं तर मला काही कळलं नाही. मी त्या प्रदर्शनात दहा मिनिटं बघून धाग्यांच्या स्टॉलकडे निघून गेलो होतो. मला वाटलं, गेम असाच असणार.

मशीन म्हटलं की विश्वनाथ मागे हटणारा नव्हता. पहिल्यांदा त्यानं विजेला धरलं. सिल्वासाचं व्होल्टेज खालीवर व्हायचं हे सगळ्यांना माहीत होतं. कारखान्यातून जुना स्टॅबिलायझर मागून आणला. फरक नाही. मग आमच्या मेंटेनन्सचा जुना माणूस झिपरू याला घेऊन बिल्डिंगमागे खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा घालून वेगळं अर्थिंग केलं. फरक नाही. गरम होत असेल म्हणून डबा उघडून समोर टेबलफॅन लावला. फरक नाही. कारखान्यात दोनशे स्पिंडलमधला एक बिघडलेला शोधणारा माणूस त्या उघड्या डब्यापुढे बसून राहायचा. आत फिरणारं काहीच नव्हतं, एक छोटा पंखा सोडला तर. हात ठेवून कंप कळेल असं काही नाही, ऐकू येईल असं काही नाही.

"याला कान कुठे लावायचा तेच कळत नाही," एकदा मला म्हणाला.

हसमुखभाई दोनदा आले. सगळं पुसून पुन्हा भरलं. मग स्वतः विमान सुरू करून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, आ तो मस्त चाले छे. शूं वांधो छे?"

"अडखळतंय ना. हे बघा. हे, आत्ता."

हसमुखभाईंनी पडद्याकडे बघितलं, विश्वनाथकडे बघितलं. त्यांना खरंच काही वावगं दिसलं नसावं. नीट चाललेला गेम त्यांनी तरी कुठे बघितला होता?

जाताना जिन्यात ते मला भेटले. हळूच विचारलं, साहेब पडद्यापासून एवढे लांब का बसतात? मी त्यांना डोळ्यांचं सांगितलं. सांगायला नको होतं. ते मान हलवत पुन्हा वर गेले, आणि मी त्यांच्यामागे.

"साहेब, बुरा मत मानना," ते विश्वनाथला म्हणाले. "मशीन बराबर है. आपकी नजर का मामला होगा."

विश्वनाथ माझ्याकडे वळला. "तुलाही तसंच वाटतं?"

तेव्हा मी गप्प बसू शकलो असतो. मी म्हणालो, "असेल रे कदाचित. डॉक्टर म्हणालेच होते ना, गोष्टी एकदम समोर येतील, एकदम जातील."

 विश्वनाथनं उठून कॉम्प्युटर बंद केला. त्यावर वहिनींनी शिवलेलं कापडाचं झाकण घातलं.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने वाईट गेले. विमानाचं सोडा, त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा उरलासुरला विश्वासही गेला. कारखान्यात मशीनपुढे उभा राहून मला बोलावून विचारायचा, "हा स्पिंडल हलतोय का रे? की मलाच तसा दिसतोय?" पूर्वी त्यानं असं कधी विचारलं नव्हतं. काही वेळा स्पिंडल खरोखर हलत असायचा, काही वेळा नाही. बाकीच्यांच्याही ते लक्षात आलं. निरोप हळूहळू दुसऱ्या इंजिनियरला जायला लागले. वहिनी सांगायच्या, घरी भिंतीकडे बघत बसतात, कॅलेंडर हलतंय का म्हणून विचारतात. "काय उत्तर देऊ अशोकभाऊजी? पंखा चालू असला की कॅलेंडर हलतंच. पण हो म्हटलं तरी त्यांना पटत नाही."

नव्याण्णवच्या फेब्रुवारीत कारखान्यात ऋचा आली. ऋचा जोगळेकर, पुण्याची, मोजमापाच्या उपकरणांची इंजिनियर, सव्वीस वर्षांची. नवी आली म्हणून वहिनींनी तिला रविवारी जेवायला बोलावलं होतं. मीही होतो. झाकण घातलेला कॉम्प्युटर बघून तिनं विचारलं. विश्वनाथनं सांगितलं, कडवटपणा न आणता, दुसऱ्या कोणाची हकीकत सांगावी तसं. शेवटी म्हणाला, "नजरेचाच दोष आहे. मशीन चांगलं आहे."

"कोणी मोजलं?" ऋचानं विचारलं.

"काय मोजलं?"

"सर, हे मोजता येतं. एका सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात ते गेम स्वतःच सांगतो. मी चालू करू का?"

तिनं विमान धावपट्टीवर आणलं, दोन-तीन बटणं दाबली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पिवळा आकडा आला. विमान निघालं, थबकत, उडी मारत. ऋचा मोठ्यानं वाचत होती.

"सात. सहा. पाच. सात. सहा."

"किती हवेत?" विश्वनाथचा आवाज बारीक झाला होता.

"तीसच्या खाली गेले तर कोणालाही अडखळताना दिसेल. या मशीनवर चाळीस-पन्नास यायला हवेत." ती वळली. "सर, तुमचं बरोबर आहे. हे भयंकर अडखळतंय."

विश्वनाथ खुर्चीत बसून होता. आधी हसला. मग चष्मा काढून तळहातांनी डोळे दाबून धरले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन उभ्या होत्या. मी खाली बघत होतो. मला माफी मागायची होती, पण ऋचासमोर कशी मागायची, म्हणून राहिली.

त्यानंतर तिचे रविवार तिथेच जायला लागले. ती आकडा वाचायची, विश्वनाथ वहीत लिहायचा, मोठमोठ्या अक्षरांत. चित्राचा बारीकपणा कमी केला: सात. ढग काढून टाकले, झाडं काढून टाकली: सात. पुण्याच्या मैत्रिणीचं थ्रीडी कार्ड आणून लावलं: सहा. विश्वनाथच म्हणाला, "चित्र हलकं केलं तरी फरक नाही, कार्ड बदललं तरी नाही. म्हणजे दोष चित्र काढणाऱ्यात नाही. त्याला माल पुरवणाऱ्यात आहे." त्याचं जुनं डोकं परत आल्यासारखं वाटलं. कारखान्यातही तो पुन्हा मशीनला हात लावून ठामपणे बोलायला लागला होता.

एप्रिलमध्ये ऋचाला सापडलं. कॉम्प्युटर सुरू होता होता एक बटण दाबलं की आतल्या मांडणीची निळी पाटी येते. त्यात एका ओळीवर ती थांबली. प्रोसेसरच्या शेजारीच एक लहानशी, फार जलद मेमरी असते, कॅश म्हणतात तिला. हाताशी लागणारी अवजारं टेबलावर ठेवतो तसं तिचं काम. ती मेमरी कोणीतरी बंद करून ठेवली होती. म्हणजे प्रत्येक पान्यासाठी गोदामापर्यंत जाऊन यायचं.

"चालू करू?" तिनं विचारलं.

"कर."

विमान धावपट्टीवर आलं. कोपऱ्यात आकडा उमटला आणि ऋचा जवळजवळ ओरडली, "त्रेचाळीस!"

विश्वनाथनं वेग वाढवला. दांडा अलगद ओढला. जमीन खाली गेली आणि खालीच राहिली. त्यानं डावीकडे कलवलं, क्षितिज तिरकं झालं, निवांत. शेतं सरकत होती, रस्ते सरकत होते.  मलाही तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो इतके महिने काय सांगत होता. पुढे समुद्र लागला. वहिनी त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"दिसतंय ना?" त्यांनी विचारलं.

"सगळं," तो म्हणाला.

अकरा मिनिटं. ऋचानं घड्याळ लावलं होतं म्हणून माहीत आहे. बाराव्या मिनिटाला समुद्रावर चित्र थिजलं. दांडा हलेना, बटणं चालेनात. बंद करून पुन्हा सुरू केलं, चार मिनिटांत थिजलं. मग दोन. मग सुरूच होईना. ती मेमरी बंद केली की बिनबोभाट सुरू व्हायचं: सात, सहा, सात.

विश्वनाथनं प्रोसेसरचा ठोकळा बाहेर काढला. त्याच्या वेगाचा आकडा लिहिलेली चिकटपट्टी एका कोपऱ्यात उचकटलेली होती. ऋचानं नखानं सोलली. खाली दुसरी पट्टी, तिच्यावर कमी वेगाचा आकडा. कोणीतरी हलका माल वरचा म्हणून विकला होता, आणि ताणून चालवल्यामुळे ती मेमरी भाजून निघाली होती. वेग कमी करूनही बघितला. थिजणं थांबलं नाही.

हसमुखभाईंना बोलावलं. आले. दोन्ही पट्ट्या बघितल्या आणि खाली जमिनीवरच बसले. जोडताना मशीन बंद पडत होतं, म्हणून आपणच ती मेमरी बंद केली होती, हे त्यांनी न विचारता सांगितलं. काम भागतंय ना मग झालं, असं वाटलं होतं. प्रोसेसर मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याकडून आणला, तो गाळा सोडून कधीच निघून गेला होता. "माताजीनी सोगंद साहेब, मला पण फसवलं," ते म्हणत राहिले. विश्वनाथनंच त्यांना पाणी दिलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं, मला आणि बहुतेक हसमुखभाईंनाही.

दुसरा प्रोसेसर त्यांनी कबूल केला. मे गेला, जून गेला. एक आला तो या कॉम्प्युटरच्या आतल्या बोर्डावर बसेना. फोन केला की उत्तर एकच, "आवती काले," म्हणजे उद्या. ऋचानं पुण्याला विचारलं, मी मुंबईच्या भाच्याला सांगितलं. कोणाकडे मिळेना, मिळाला तर तोही अस्सल आहे कशावरून?

जुलैत विश्वनाथच्या नजरेच्या मधोमध धूसर डाग आला. कडा आधीच गेल्या होत्या, आता राहिलेल्या मध्यावर सूज आली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं, बोटांना मुंग्या यायच्या, पण डाग हटला नाही. ज्या दिवशी त्याला वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला नाही, त्या दिवशी त्यानं स्वतः मॅनेजरकडे जाऊन सांगितलं की मला आता मशीनवर ठेवू नका. स्टोअरमध्ये बसवलं. तिथे तो बेअरिंग हातात घेऊन बोटांनीच त्यांचा नंबर ओळखायचा.

ऑगस्टच्या शेवटी हसमुखभाई खरा प्रोसेसर घेऊन आले. बसवला. ऋचानं विमान सुरू केलं. विश्वनाथ खुर्चीत बसला, दांडा हातात घेतला. आम्ही सगळे मागे होतो, पहिल्या दिवशीसारखे, फक्त कोणी शिरा केला नव्हता. विमान वर गेलं. काही क्षणांतच एका बाजूला कलायला लागलं आणि कलतच गेलं. तो सावरत नव्हता. कारण क्षितिज कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं.

"उजवीकडे घ्या, सर," ऋचा म्हणाली. "थोडं. अजून. बास."

तिच्या सांगण्यावर त्यानं पाचेक मिनिटं विमान धरून ठेवलं. मग विचारलं, "आकडा किती?"

"बावन्न."

"अडखळत नाही ना?"

"अजिबात नाही, सर."

"मग काम झालं," तो म्हणाला आणि दांडा तिच्या हातात दिला. "आता तू चालव. मला सांगत राहा."

तिला बोलता येईना. म्हणून मी सांगायला लागलो. खाली हिरवं आहे, एक नदी आहे, पुढे डोंगर आहेत. मला विमानातलं काही कळत नाही, मी खुळ्यासारखं काहीबाही सांगत होतो. एकदा तर ढगाला डोंगर म्हणालो. हसमुखभाई दाराशी चपला घालून तसेच उभे होते, जायलाही धजत नव्हते. थोड्या वेळानं विश्वनाथनं माझ्या हातावर थोपटलं. "पुरे अशोक. दमशील."

डिसेंबरात विश्वनाथ आणि वहिनी कायमचे नाशिकला गेले. वहिनींनी शाळेचा राजीनामा दिला. टेम्पोत सामान चढवताना विश्वनाथ जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता आणि कोणतं खोकं कुठे ठेवायचं ते सांगत होता, न बघता, आवाजावरून. कॉम्प्युटर त्यानं ऋचाला देऊ केला. ती नको म्हणाली, तेव्हा वहिनींनी तो शाळेला दिला. शाळेत तो दाखले छापायला वापरतात असं नंतर कळलं.

टेम्पो निघायच्या आधी मी त्याच्याजवळ गेलो. म्हणालो, "विश्वनाथ, त्या दिवशी मी नजरेचं म्हणालो ते..."

"कोणत्या दिवशी?" त्यानं विचारलं.

त्याला खरंच आठवत नव्हतं, की मला अवघडू द्यायचं नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी काही बोलायच्या आत ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. वहिनींनी त्याचा दंड धरला, पायरी किती उंच आहे ते सांगितलं, आणि तो चढून आत बसला.